सहा हजार आठशे पापुद्रे

माझ्या वहिनीने चिरलेली काकडी तुम्ही पाहिलीत तर म्हणाल, हिच्या हातात सुरी दिली कोणी? एक फोड बोटाएवढी, दुसरी नखाएवढी. पाव कापायला बसली की एका टोकाला उशी निघते आणि दुसऱ्या टोकाला नुसता चुरा. दादा म्हणतो, "ही घरी येताना हात कामावरच ठेवून येते." आणि हीच बाई गेली बावीस वर्षं माणसाच्या मेंदूचे काप काढते. एका मिलिमीटरचे पन्नास. पन्नास! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, थापा मारतेय.

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी तिची धाकटी नणंद. त्याच संस्थेच्या तळमजल्यावर भांडार सांभाळते. काचा, बाटल्या, हातमोजे, मेण, ब्रश, माझ्या सहीशिवाय यातलं काही वर जात नाही. ती दुसऱ्या मजल्यावर बसते. दादासाठी तिचं स्थळ मीच आणलं. काचा घ्यायला खाली यायची तेव्हा प्रत्येक खोक्यातली एक काच उजेडात धरून बघायची आणि चरा दिसला की अख्खं खोकं परत करायची. मी तिच्याशी तीनदा कडाकडा भांडले. चौथ्यांदा घरी जाऊन आईला म्हटलं, मुलगी बघून ठेवली आहे, दादाला सरळ करेल. लोक मला तापट म्हणतात. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि आपण आवाज चढवला की आपण तापट! घरात माझं नावच फटाकडी आहे, जाऊ दे.

वहिनीला वर सगळे पापुद्रेबाई म्हणतात. तिची खोली बघण्यासारखी आहे. खिडक्या बंद, पंखा बंद, उन्हाळा असो की काही असो. मधोमध लोखंडी यंत्र, त्यावर हातभर लांबीचं पोलादी पातं, आणि समोर मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला अख्खा मेंदू. चाक एकदा फिरवलं की ठोकळा पात्यावरून सरकतो आणि एक पापुद्रा सुटतो. तो ब्रशच्या टोकाने उचलायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती जाईपर्यंत वाट बघायची, मग खणात ठेवायचा. पापुद्रा सुटताना ती श्वास घेत नाही. एकदा मी दारातच शिंकले. चारशे सतरावा पापुद्रा उडून टेबलाखाली गेला आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं कशासाठी, असं आईने एकदा विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "मेंदूवर एक साल असते, आई. दोन-तीन मिलिमीटर जाडीची, घड्या घालून कवटीत कोंबलेली. त्या सालीत पेशींचे थर असतात, बहुतेक ठिकाणी सहा. कुठे चौथा थर जाड, कुठे पातळ, कुठे जवळजवळ नाहीच. थरांची ठेवण बदलली की समजायचं, हद्द आली, इथून पुढे दुसऱ्याचं काम. एकाकडे बघायचं, एकाकडे ऐकायचं, एकाकडे बोटं हलवायचं. या सगळ्या हद्दींचा नकाशा काढतोय आम्ही."

"म्हणजे शेजारीपाजारीच की," आई म्हणाली. "मग भांडणं होत असतील."

"भांडणं नाहीत आणि मधे भिंतीही नाहीत. म्हणून तर हद्द सापडता सापडत नाही."

ज्या मेंदूची ही गोष्ट, तो एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा. मेल्यावर मेंदू द्या, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. नाव-गाव आम्हाला सांगत नाहीत. वहिनी त्यांना आजोबा म्हणायची. सकाळी यंत्रावरचं कापड काढताना "चला आजोबा" आणि संध्याकाळी झाकताना "येते आजोबा". दिवसाला साठ पापुद्रे, साठ खणांची एक लांबट पेटी. पहिली पेटी नमुना म्हणून एकटीच गेली, पुढे अशा तीन-तीन पेट्या झाल्या की ढकलगाडीवर ठेवून शेजारच्या खोलीत जायच्या. तिथे पापुद्रे रंगवून काचेवर चढवायचे आणि मगच काचेवर नंबर पडायचा. सहा हजार आठशे बारा पापुद्रे निघाले. शेवटचा काचेवर चढला तेव्हा वहिनीने सगळ्या मजल्याला चहा पाजला आणि घरी येऊन रडली. "आजोबा संपले," म्हणाली. दादाला काही कळेना, तो बिचारा पंखा लावत बसला.

या धंद्यात सगळ्यात मोठी धास्ती कसली, तर क्रम उलटा लागण्याची. शेजारचे दोन पापुद्रे डोळ्यांना सारखेच दिसतात. गाडी वळवताना तिचं मागचं टोक पुढे आलं आणि काचा चढवणाऱ्याने त्याच टोकाकडून सुरुवात केली, की एकशे ऐंशीवा पहिला होऊन बसतो. काचेवर नंबर चुकीचा पडतो आणि नंतर कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून वहिनी गाडी दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. स्वतः न्यायची, स्वतः लावायची.

आणि नेमका आळ आला तो याचाच.

नकाशेवाले डॉक्टर हुशार माणूस, नाही म्हणणार नाही. काचांचे फोटो संगणकात एकावर एक रचून त्यातून हद्दी काढायचं काम त्यांचं. पण जमिनीपासून चार बोटं वर चालतात. एका सोमवारी त्यांनी संस्थेच्या मोठ्या बाईंपुढे सगळ्यांना बोलावलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी हातमोज्यांची खोकी घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले. पडद्यावर डावीकडच्या एका घडीचं चित्र होतं. हद्दीची लाल रेघ नीट चालत येत होती, मधेच उडी मारून पुढे जात होती, मग हळूहळू मागे सरकत होती आणि पुन्हा उडी मारून पुढे. डॉक्टरांनी एक बटण दाबलं. मधले एकशे ऐंशी काप उलट्या क्रमाने लागले आणि रेघ सुतासारखी सरळ झाली, अगदी मेंदूच्या जुन्या पुस्तकात असते तशी.

"एकोणसाठ, साठ, एकसष्ट," ते म्हणाले. "तीन पेट्या, म्हणजे एक गाडी. गाडी फिरली आहे. मेंदू अशा उड्या मारत नाही."

"पेट्या फिरलेल्या नाहीत," वहिनी म्हणाली.

"पापुद्रेबाई, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तुम्हाला कसं आठवणार?"

"पेट्या फिरलेल्या नाहीत," ती पुन्हा म्हणाली.  मान खाली.

मोठ्या बाई कडक पण न्यायाच्या. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी नकाशा पाठवायचा आहे. तोवर काही पुरावा मिळाला तर बघू. नाही तर तिन्ही पेट्यांचा क्रम उलटून घ्यायचा आणि कामात चूक झाली होती असं अहवालात लिहायचं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "पुढचा मेंदू तुमच्याकडे देता येणार नाही. काचा धुण्याच्या विभागात जागा आहे."

काचा धुण्याच्या! बावीस वर्षांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खोकी आपटली आणि म्हटलं, "डॉक्टर, तुमचं यंत्र चुकत नाही आणि माणूस तेवढा चुकतो, असं कुठे लिहिलंय?" मोठ्या बाईंनी मला बाहेर काढलं. बरोबरच केलं म्हणा. पण खरा राग मला वहिनीचाच आला होता. चरा असलेल्या काचेसाठी माझ्याशी तीनदा भांडणारी बाई स्वतःवर आळ आल्यावर मान खाली घालून बसते?

घरी आल्यावर मी तिला धारेवर धरलं. ती कांदा चिरत होती, नेहमीसारखाच ओबडधोबड.

"तोंडात काय मूग धरले होतेस? त्यांना सरळ म्हणायचं, सिद्ध करा!"

"ते करू शकत नाहीत. मी करू शकते," ती म्हणाली.

"मग कर की!"

तिने सुरी खाली ठेवली. "ओरडायचं नाही, असं कबूल कर आधी."

मी कबूल केलं. आई बाजूला बसली होती, ती हसली.

वहिनी सांगायला लागली. अठ्ठावन्नाव्या पेटीच्या मध्यावर पात्याला खाच पडली होती. बारीक, डोळ्यांना न दिसणारी, पण पापुद्र्यावर केसाएवढा ओरखडा उठायला लागला. अशा वेळी लगेच थांबून दुसरं पातं लावायचं असतं. दुसरं पातं धार लावून आलेलंच नव्हतं. ते आलं पाच दिवसांनी. तोवर ती खाचेच्याच पात्याने कापत राहिली आणि कोणाला बोलली नाही. ओरखडा साल सोडून आतल्या पांढऱ्या भागातून जात होता, त्यामुळे नकाशाला धक्का नव्हता. "पण खाच रोज वाढत होती," ती म्हणाली. "पहिल्या पापुद्र्यावर केस, शेवटच्यावर दोरा. ओरखडा बारीक असेल तो काप आधीचा, जाड असेल तो नंतरचा. पेट्या फिरल्या असत्या तर ओरखडा उलटा बारीक होत गेला असता. काचा काढून बघितलं की दहा मिनिटांत निकाल लागेल."

"अगं मग बोलली का नाहीस? काखेत कळसा आणि गावभर बदनामी!"

ती माझ्याकडे बघेना. आईनेच विचारलं, "पातं धारेला पाठवायचं काम कोणाचं असतं?"

माझं. पाती धारेला पाठवायची असतात भांडारातून. दोन वर्षांपूर्वीचा तो महिना मला लख्ख आठवला. आईचं ऑपरेशन झालं होतं, मी सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात, दिवसभर कामावर, आणि धारवाल्याकडे जायचं पातं माझ्या टेबलाखाली तसंच पडून राहिलं होतं. त्याआधी उशिरा येण्यावरून मला दोन लेखी शेरे मिळाले होते. तिसरा मिळाला की घरी. वहिनीने तेव्हा खाचेचं सांगितलं असतं तर दुसरं पातं कुठे आहे असं कोणीही विचारलं असतं. म्हणून ती पाच दिवस श्वास धरून कापत राहिली. आणि मला माहीतच नाही! मी आपली दोन वर्षं तिच्या काकडीला नावं ठेवत होते.

ओरडायचं नाही असं कबूल केलं होतं. मी ओरडले नाही, रडले. भोकाड पसरलं म्हणा.

"आता शेऱ्यांचं काय ते होऊ दे, उद्या मी सांगते," मी म्हटलं.

"तू काही सांगणार नाहीस. खाच दिसत असताना चाक मी फिरवलं. पातं माझं, चूक माझी."

"पातं भांडाराचं! माझ्या सहीचं!"

"यंत्रावर चढलं की माझं."

"अगं, चूक कोणाची यावरून भांडणाऱ्या नणंद-भावजया पहिल्यांदाच बघतोय," दादा दारातून म्हणाला. "साधारण दुसरीची आहे म्हणून भांडतात." आम्ही दोघींनी एकदमच त्याला गप्प केलं. शेवटी आई म्हणाली, दोघी जा, आणि आधी कोण बोलणार ते जिन्यात ठरवा.

जिन्यात काही ठरलं नाही. मोठ्या बाईंच्या खोलीत दोघी एकदमच बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला, मग एकीचं ऐकलं, मग दुसरीचं. वहिनी म्हणाली, "मॅडम, बावीस वर्षांत माझ्या कापावर ओरखडा नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. दोनशे सत्तर कापांवर आहे. मी लपवला."  ही बाई घरी भाजी करपली तरी कबूल करत नाही हो! तिच्या कामात ओरखडा कबूल करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि तिच्याऐवजी मी आत जावं.

नकाशेवाल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "असा ओरखडा फोटोंत कुठेच नाही. मी प्रत्येक फोटो बघितला आहे."

"तुमच्या संगणकात चरे पुसणारा प्रोग्रॅम आहे ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

 "आहे. फोटो आत येतानाच साफ होतो." मग डॉक्टर स्वतःच म्हणाले, "काचा मी कधी काढल्याच नाहीत."

सगळे डॉक्टरांच्या खोलीत गेलो. काचा तिथल्या कपाटातच होत्या, त्यांच्या खुर्चीपासून सहा पावलांवर. मी स्वतः उचलून आणल्या. अठ्ठावन्न ते बासष्ट, पाच पेट्यांच्या काचा, आणि त्रेसष्टची पहिली. खिडकीजवळच्या लांब टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि दर दहावी काच ओळीने मांडली. वहिनी मांडत होती आणि डॉक्टर मोजपट्टीचं भिंग घेऊन वाकले होते. अठ्ठावन्नच्या सुरुवातीला ओरखडा नाही. तिसाव्या काचेवर आला, भिंगातूनच दिसणारा. डॉक्टर आकडे बोलायला लागले आणि मोठ्या बाई लिहायला लागल्या. सात. आठ. आठ. नऊ. एकोणसाठवी पेटी सुरू झाली आणि मीही टेबलावर वाकले. कारण गाडी फिरली असेल तर इथे आकडा एकदम वर जाऊन मग उतरायला हवा होता.

"दहा," डॉक्टर म्हणाले. "दहा. अकरा."

साठावी पेटी. तेरा. चौदा. त्यांचा आवाज बदलत चालला होता. एकसष्टच्या शेवटी एकोणीस, बासष्टच्या सुरुवातीला वीस. एकही पायरी खाली नाही. बासष्टच्या अखेरीला तर भिंगाची गरजच नव्हती, मला तळमजल्यावरच्या बाईलाही दिसत होतं. त्रेसष्टच्या पहिल्या काचेवर काही नाही, स्वच्छ. नवं पातं आलं होतं.

डॉक्टर सरळ उभे राहिले. मी वाट बघत होते की आता काहीतरी फाटे फोडतील. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि वहिनीला म्हणाले, "पेट्या फिरलेल्या नाहीत. मी चुकलो." असं चारचौघांत म्हणायला छाती लागते. माझा त्यांच्यावरचा निम्मा राग तिथेच उतरला, उरलेला मी ठेवला आहे.

"मग ती उडी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

 पेट्या सरळ असतील तर उडी खरी होती. हद्द खरंच पुढे जाऊन मागे येत होती, म्हणजे मधे काहीतरी होतं. डॉक्टरांनी एकोणसाठमधली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. "चौथा थर बघा," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसारखा नाही. हा वेगळाच आहे." साडेतीन मिलिमीटरची चिंचोळी जागा, एका घडीच्या पोटात. कुठल्याच नकाशात नव्हती. जिथे जिथे कोणाला अशी उडी दिसली असेल, तिथे त्यांनी ती चूक समजून सरळ करून टाकली असेल, कोण जाणे.

मोठ्या बाई तडक बाहेर गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. तळघरात मोठं गोल यंत्र आहे. तिथे जिवंत माणसांना आडवं झोपवून, डोळे मिटायला सांगून बोटांखाली वेगवेगळी कापडं फिरवतात आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते बघतात. चार वर्षं त्यांना एक बारीक ठिपका उजळलेला दिसत होता. खरखरीत की गुळगुळीत हे बोट ओळखायला लागलं की तो उजळायचा. पण त्या ठिपक्याला नकाशात घर नव्हतं. मोठ्या बाईंनी फोटो पडद्यावरच्या चित्राशेजारी धरला.  तीच घडी, घडीचा तोच तळ.

"सापडलं," त्या म्हणाल्या. नुसतं एवढंच. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. डॉक्टर हसले, मी तर काय, अशी ओरडले की तळमजल्यावरचा पहारेकरी धावत वर आला. त्याला वाटलं आग लागली.

मला तिसरा शेरा मिळाला. मोठ्या बाईंनी माझ्यासमोर लिहिला आणि खाली, नोकरीवर ठेवावे, असंही लिहिलं. वहिनीलाही लेखी समज मिळाली, खाच लपवल्याबद्दल. ती म्हणाली, बरोबर आहे. पुढचा मेंदू तिच्याचकडे आला, आणि आता दोन्ही पाती धारेला मी स्वतः घेऊन जाते, स्वतः घेऊन येते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी एवढ्यावर संपलं नाही. मूळ नकाशावर हद्द आधी हाताने काढायची असते, मग संगणकात जाते. तो डॉक्टरांचा मान. त्यांनी मोठा कागद टेबलावर पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि ती वहिनीपुढे धरली.

"मी कापणारी बाई," ती म्हणाली. "रेघ ओढणं माझं काम नाही."

"ही जागा तुम्ही राखलीत," डॉक्टर म्हणाले. "मी तर पुसून टाकत होतो. काढा."

तिने पेन्सिल घेतली. बावीस वर्षं हद्दी असलेल्या पापुद्र्यांना हात लावून एकही हद्द न काढलेली माझी वहिनी कागदावर वाकली. सवयीने तिने श्वास धरला. आम्हीही धरला. तिने ती चिंचोळी जागा सगळीकडून बंद केली, एका दमात, पेन्सिल न उचलता. रेघ जरा वेडीवाकडी आली. डॉक्टरांनी खोडरबर पुढे केलं नाही.

जिन्यातून उतरताना मी म्हटलं, "वहिनी, हात थरथरला गं तुझा!"

"थरथरला की," ती म्हणाली, आणि नाक पुसत हसली. "थरथरू दे. हातात पातं थोडंच होतं."